पाय पाहून अंथरूण: उंच माणसाने प्ले कयाक कशी निवडावी

माझी उंची १८९ सेंटिमीटर, बुटाचा युरोपियन नंबर ४६, आणि पहिली प्ले कयाक (नदीच्या लाटांवर कसरती करायची आखूड बोट) घेतली तेव्हा वजन ७४ किलो. कंपनीच्या तक्त्यात ७४ किलो मीडियमच्या रकान्यात अगदी मधोमध बसत होतं, म्हणून मीडियम घेतली. पाण्यात उतरल्यावर दहाव्या मिनिटाला पायांच्या बोटांना मुंग्या आल्या, विसाव्या मिनिटाला चवडे असून नसल्यासारखे झाले. काठाला लागलो, स्प्रे-डेक (बसायच्या जागेतून पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायचं आवरण) उघडलं, दोन्ही हातांनी स्वतःला उपसून बाहेर काढलं आणि उभं राहायला गेलो, तर पाय जमिनीवर आहे की हवेत हेच कळेना. घोटाभर पाण्यात आडवा झालो. बोट मात्र शेजारी निवांत गोल फिरत होती.

तक्ता खोटा नव्हता. ही बोट तुम्हाला नीट तरंगवेल का, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्यात असतं. पाय मावतील का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून उंच माणसाने क्रम उलटा धरावा: आधी पाऊल, मग गुडघा आणि मांडी, आणि वजनाचा तक्ता सगळ्यांत शेवटी.

अडचण नेमकी कुठे येते

आजची प्ले कयाक साधारण १७० ते २०० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे तुमच्याच उंचीची. त्यातला मागचा भाग तुमच्या काही कामाचा नाही. उरलेल्या पुढच्या अर्ध्यात दोन लांब पाय कोंबायचे असतात. त्यात बोटीची दोन्ही टोकं मुद्दाम चपटी केलेली असतात. होलमध्ये (पाणी कोसळून जागीच उलटं घुसळतं तिथे) किंवा लाटेवर कार्टव्हील, म्हणजे टोकांवर उभी गिरकी, मारायची तर टोक पाणी कापत खाली गेलं पाहिजे, आणि फुगीर टोक खाली जात नाही. मग जिथे बोट सगळ्यांत चपटी, नेमकी तिथेच तुमची पावलं येतात.

नदी उतरण्यासाठीच्या मोठ्या कयाकमध्ये पावलं एका सरकत्या पाटीला टेकतात, बोटं वर करून आरामात. प्ले कयाकमध्ये अशी पाटी सहसा नसते. टाचा मधे जवळजवळ, चवडे बाहेरच्या बाजूंना वळवलेले, गुडघे फाकलेले, अशी बेडकासारखी बैठक असते आणि पावलांपुढे थेट फोमचा ठोकळा. ही बैठक सवयीने जमते. पण नंबर ४५च्या पुढचं पाऊल तिरकं ठेवायलाही उंची लागते, आणि ती नसेल तर सवयीने काही होत नाही.

जुन्या बोटी पाहत असाल तर थोडा इतिहास उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकात ‘खेळायच्या’ म्हणून गाजलेल्या डॅगर आरपीएमसारख्या बोटी पावणेतीन मीटरच्या आसपास होत्या, उंच माणूस त्यात सुखाने बसायचा. मग सपाट तळ आला, टोकं कागदासारखी झाली आणि काही वर्षांतच लांबी दोन मीटरवर आली. त्या काळातल्या बऱ्याच बोटींची नाकं मोठ्या पावलांसाठी निव्वळ छळ आहेत. पुढे डिझाइन करणाऱ्यांनी कॉकपिटभोवती (बसायच्या भोकाभोवती) जास्त व्हॉल्यूम, म्हणजे फुगीरपणा, दिला आणि डेकवर (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावर) पावलांसाठी उंचवटे काढले. म्हणून साधारण २००० सालच्या आगेमागेची प्ले बोट कितीही स्वस्तात मिळाली तरी उंच माणसाने आत पाय घालून पाहिल्याशिवाय हो म्हणू नये.

घरी घ्यायची मापं

बोट बघायला जाण्याआधी चार आकडे कागदावर हवेत.

पहिला, पायाची आतली लांबी. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा, त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करा आणि जमिनीपासून मोजा. दुसरा, बसलेली उंची: जमिनीवर भिंतीला पाठ लावून ताठ बसायचं आणि डोक्यापर्यंत मोजायचं. तिसरा, मांडीची लांबी. खुर्ची भिंतीला लावा, बूड भिंतीपर्यंत नेऊन बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा. चौथा, पाण्यात घालता त्या बुटासकट पावलाची लांबी. अनवाणी माप इथे फसवतं.

वजनही घ्या, पण ओल्या सामानासकट. लाइफ जॅकेट, हेल्मेट, भिजलेले कपडे आणि दोरीची पिशवी मिळून चार-पाच किलो सहज वाढतात.

हे आकडे का, तर १९० सेंटिमीटरची दोन माणसं सारखी नसतात. एकाचे पाय लांब आणि धड बेताचं. तो बोटीत मावत नाही, पण मावला की स्थिर बसतो. दुसऱ्याचे पाय बेताचे आणि धड लांब. तो दुकानात मजेत बसतो आणि पहिल्याच एडीच्या (खडकाआडच्या, उलट्या वाहणाऱ्या पाण्याच्या) रेषेवर कलंडतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य वर आहे. तुम्ही कोणत्या जातीचे हे कळलं की अर्ध्या बोटी आपोआप यादीतून बाद होतात.

पाऊल: बसण्याआधी बूट आत घाला

ही युक्ती मला उशिरा सुचली. बोटीत बसण्याआधी आपला एक बूट हातात घ्या, कॉकपिटमधून हात घालून नाकात जिथे पाऊल येणार तिथे न्या आणि तिरका उभा करा: टाच मधे व तळाशी, बोटं बाहेर आणि थोडी पुढे. बूट डेकला घासून अडकला तर तुमचं पाऊलही अडकणार. मग पुढची खटपट नको, पुढच्या बोटीकडे वळा. दहा सेकंदांची परीक्षा आहे आणि ती अर्ध्या तासाची झटापट वाचवते.

बूट मावला, तर आता बसा. पावलं जागेवर गेल्यावर तीन गोष्टी पाहायच्या.

चवडा आणि टाच दोन्ही फोमला टेकतात का? नुसती बोटं टेकत असतील तर पहिल्या धक्क्याला सगळा भार बोटांवर येईल. बोटं सरळ राहतात की डेकखाली मुडपतात? मुडपली तर अर्ध्या तासात पेटके ठरलेलेच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि उंच लोक नेमकी तीच सोडतात: पावलापुढे फोम किती उरला? पाय मावेनात म्हणून आपण फोम कापत जातो, कापत जातो आणि शेवटी तळवा प्लास्टिकच्या भिंतीला टेकतो. बोटीचं नाक खडकावर समोरून आदळतं तेव्हा तो सगळा धक्का घोटा झेलतो. दाट, बंद छिद्रांचा फोम दोन-तीन सेंटिमीटर तरी उरलाच पाहिजे. तेवढा उरत नसेल तर बोट लहान आहे, वाद नको.

उलट बाजूही आहे. फोम ढिला असेल आणि पाऊल त्याच्या शेजारून पुढे घसरू शकत असेल, तर बोट उलटल्यावर ते तिथेच अडकू शकतं. ठोकळा दोन्ही कडांना भिडलेला हवा.

बुटांबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. काही जण पातळ निओप्रीन मोज्यांवरच बोटीत बसतात आणि एक नंबर लहान बोट चालवतात. मला ते पटत नाही. बोट सोडून पोहत काठाला आलात, तर धारदार खडकांवरून चालायचं ते मोज्यांनी? पातळ तळव्याचा, टाच न उंचावणारा बूट घ्या आणि तो घालूनच बोट तपासा.

गुडघा, मांडी आणि बाहेर पडणं

मांडीचं हाड लांब असलं की गुडघा कॉकपिटच्या पुढच्या कडेच्या बराच पुढे, डेकखाली जातो. बोट चालवताना हे चांगलंच, पकड घट्ट येते. बाहेर पडताना मात्र तोच गुडघा कडेला अडतो.

बोटीत नीट बसा आणि बूड सीटवरून न उचलता एक गुडघा कॉकपिटबाहेर काढून पाहा. निघाला तर उत्तम. प्ले कयाकमध्ये उंच माणसाचा बहुतेक वेळा निघत नाही, त्यामुळे लगेच निराश होऊ नका. मग दुसरी पद्धत: हात खुब्यांशेजारी कॉकपिटच्या कडेवर ठेवा, बूड वर आणि मागे ढकला, गुडघे एकत्र आणा आणि विजार उतरवावी तसे दोन्ही पाय सरळ बाहेर ओढा. सलग, न अडखळता जमलं पाहिजे. नडगी कडेला खरवडत असेल, पाऊल फिरवल्याशिवाय टाच सुटत नसेल, तर ती बोट घेऊ नका. कोरड्यात, उजेडात, डोकं वर असताना जे अडकतं, ते उलट्या बोटीत, गार पाण्यात, श्वास रोखलेला असताना सुटणार नाही.

मांडीच्या पट्ट्या, म्हणजे कॉकपिटच्या कडेला मांडीवरून येणारे आधार, बहुतेक बोटींत बोल्ट सैल करून पुढेमागे सरकतात. उंच माणसाने त्या आधी पूर्ण पुढे न्याव्यात आणि मग गरजेपुरत्या मागे आणाव्यात. टेकण गुडघ्याच्या थोडं मागे, मांडीच्या पुढच्या भागावर हवी. मांडीच्या मधोमध टेकत असेल तर कयाक कडेवर घेताना गुडघ्याची ताकद वाया जाते. आणि त्या मांडीवर सतत दाबलेल्या नकोत. सरळ बसल्यावर हलका स्पर्श आणि गुडघे वर उचलताच पक्की पकड, एवढंच.

आता वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून हिशोब सोपा. समजा तुम्ही ७४ किलो, ओलं सामान ५ किलो आणि प्लास्टिकची बोट १५ किलो: एकूण ९४. म्हणजे बोटीचा ९४ लिटर भाग पाण्याखाली जाणार. बोट २२० लिटरची असेल तर १२६ लिटर वर राहतात, २५०ची असेल तर १५६. टोक बुडवताना तुम्ही या वर राहिलेल्या हवेशी झुंजत असता. म्हणून हलक्या माणसाला मोठी बोट ‘बुचासारखी’ वाटते: लाटेवर छान सरकते, पण नाक खाली जायला तयार नसतं. काही कंपन्या व्हॉल्यूम अमेरिकन गॅलनमध्ये देतात, तेव्हा ३.७८५ने गुणा.

उंच आणि सडसडीत माणसाची कोंडी इथेच होते. वजन म्हणतं मीडियम, पाय म्हणतात लार्ज. माझं मत स्पष्ट आहे: लार्ज घ्या. पाय बधिर झालेला माणूस कोणतीच करामत करत नाही, फक्त काठाकडे बघत बसतो. शिवाय तक्ता एक गोष्ट मोजत नाही. तुमचं लांब धड आणि लांब हात ही एक तरफ आहे. धड पुढेमागे झोकल्यावर उंच माणूस बोटीच्या टोकावर जेवढा भार टाकतो, तेवढा त्याच वजनाचा बुटका माणूस टाकू शकत नाही. त्यामुळे तक्त्यापेक्षा एक माप मोठी बोट उंच माणसाला वाटते तेवढी जड जात नाही. दोन मापं मोठी मात्र नको. मग ती तुम्ही चालवत नाही, ती तुम्हाला फिरवते.

उंच आणि भारी, नव्वद-शंभर किलोचे असाल तर सुखी आहात. वजन आणि पाय दोन्ही एकाच मापाकडे बोट दाखवतात, आणि प्रश्न फक्त त्या कंपनीने ते माप काढलंय का एवढाच उरतो.

लार्ज घेतल्यावर खुब्यांशी पोकळी राहील. तिथे फोमच्या चकत्या लावा, पण जपून. खुब्यावरचे पॅड घट्ट लावले की रक्त अडतं, आणि दोष पायांना दिला जातो.

सीट कुठे

पाय मावेनात की प्रत्येक जण सीट मागे सरकवतो, आणि सगळे ओरडतात की शेपूट बुडेल. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग असतात. पाय लांब, म्हणजे हे वजन जास्त पुढे गेलेलं. त्यामुळे लांब पायांच्या माणसाला तोल साधायलाच सीट थोडी मागे लागते. पायांना जागा मिळते तो वरचा फायदा.

किती मागे, हे डोळ्यांनी ठरवा. स्थिर पाण्यात पूर्ण सामानासकट बसा, वल्हं मांडीवर आडवं ठेवा, हलू नका आणि कोणाला तरी काठावर खाली बसून, पाण्याच्या पातळीला फोन धरून बाजूने फोटो काढायला सांगा. नाक आणि शेपूट पाण्यापासून सारख्या उंचीवर हवेत. नाक किंचित वर चालेल. मग सीटचे बोल्ट सैल करून एकेक सेंटिमीटर सरकवा. दोन मीटरच्या बोटीत तेवढा फरकही जाणवतो. लाटेवर नाक सतत पाण्यात घुसत असेल तर सीट मागे घ्या. एडीची रेषा ओलांडताना शेपूट पकडलं जाऊन नाक आकाशाकडे जात असेल तर पुढे. सीट पार शेवटच्या भोकापर्यंत नेऊनच पाय मावत असतील, तर बोट लहान आहे असं समजा.

उंचीचा प्रश्न वेगळा. लांब धडाच्या माणसाने सीटखालचा जादा फोम काढून टाकावा. एक-दोन सेंटिमीटर खाली बसल्यावर डुगडुगणं पुष्कळ कमी होतं. लांब पायांच्या, आखडलेल्या माणसाला याच्या उलट हवं असतं: बूड थोडं वर गेलं की गुडघ्यांचा कोन सैल होतो आणि कंबर सुटते. दोन्ही एकदम मिळत नाही.

दिवाणखान्यातला पाऊण तास

बोट ताब्यात घेण्याआधी, किंवा उसनी आणली असेल तर पाण्यात नेण्याआधी, घरात सतरंजीवर ठेवून पाऊण तास तिच्यात बसा. टीव्ही लावा, घरच्यांचे टोमणे ऐका. घड्याळ मात्र बघा. पहिल्या दहा मिनिटांत काही दुखलं तर ते बहुतेक फोम हलवून सुटतं. वीस मिनिटांनी मुंग्या आल्या तर कुठून सुरू झाल्या ते आठवा. मांडीच्या मागून खाली येत असतील तर सीटची पुढची कड शीर दाबते आहे: तिथे मांड्यांखाली फोमची उतरती पाचर लावून पाहा. मुंग्या फक्त बोटांत असतील तर पाऊल दाबलं जातंय. कंबर भरून आली तर पाठीचा पट्टा वर चढला आहे. तो कमरेच्या खोलगट भागात नको, त्याच्या खाली, कटीच्या हाडाच्या वरच्या कडेला हवा. आणि मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतील तर बोट बदलून काही होणार नाही, रोज पाय ताणायला लागा.

उतरल्यावर लगेच उभं राहता येतं का, हेही पाहा. मी ही परीक्षा घेतली असती तर घोटाभर पाण्यात आडवा झालो नसतो.

मग पाणी

पहिला दिवस स्थिर पाण्यात. कंबरभर पाण्यात, शेजारी कोणी तरी उभं असताना, स्प्रे-डेक लावून तीनदा उलटे व्हा आणि बाहेर पडा: पुढे वाकायचं, स्प्रे-डेकचा पट्टा ओढायचा, कडेवर हात, बूड मागे. एकदा डोळे मिटून करा. त्यानंतरच रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं. दोन्ही बाजूंनी रोल मारा आणि लक्ष गुडघ्यावर ठेवा. गुडघा पट्टीतून घसरत असेल तर पकड सैल आहे. मग बोट कडेवर धरून ठेवा, जागेवर फिरा, नाक पाण्यात दाबून पाहा. हे जमलं की सौम्य प्रवाहात एडीत आतबाहेर करा. अवघड रॅपिडमध्ये नव्या बोटीची परीक्षा घेऊ नका.

काहीच मावत नसेल तर

पावलाचा नंबर ४८ असेल किंवा आतली लांबी ९२-९३ सेंटिमीटर असेल, तर जॅक्सन रॉकस्टार, पिरान्हा जेड, डॅगर जित्सू अशा निव्वळ खेळाच्या बोटींचं सगळ्यांत मोठं मापही कदाचित पुरणार नाही. मग ‘हाफ स्लाइस’ पाहा. यात नाक फुगीर आणि शेपूट तेवढं चपटं. डॅगर रिवाइंड, पिरान्हा रिपर, जॅक्सन अँटिक्स या त्या जातीच्या, साधारण २४० ते २८० सेंटिमीटर लांब. पावलं फुगीर नाकात पाटीला टेकून सरळ बसतात, आणि शेपूट बुडवून बोट उभी करण्याची मजा मिळते. हवेतली लूप, म्हणजे बोटीसकट कोलांटी, मिळणार नाही. पण दिवसभर नदी उतरत, वाटेत भेटेल त्या लाटेवर खेळत जाता येतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हवं असतं तेच. मी स्वतः आज तीच चालवतो.

कापाकापी

जुनी बोट घेऊन तिच्यात जागा ‘काढणारे’ पुष्कळ भेटतील. पावलापुढचा फोम तासणं, सीटखालचा काढणं, डेकचं प्लास्टिक गरम हवेने मऊ करून बोटांसाठी फुगवटा काढणं, हे सगळं लोक करतात. फुगवट्याचा प्रयोग करायचाच तर ज्या बोटीचं वाईट वाटणार नाही अशीवर करा. कार्बनच्या बोटीवर तो होतच नाही.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. नाकात दोन पायांच्या मधे फोमचा उभा खांब असतो. टाचा नेमक्या त्याला घासतात, आणि तो काढला की एकदम केवढी तरी जागा होते. पण पाण्याच्या दाबाखाली डेक खाली बसून पायांवर दाबलं जाऊ नये म्हणून तो तिथे आहे. जुनी बोट बघताना आत हात घालून तो जागेवर आहे का, हलतो का, आधीच्या मालकाने टाचांसाठी कोरून अर्धा केलाय का, हे चाचपून पाहा. सीटच्या बोल्टची भोकंही बघा, वारंवार सरकवलेल्या सीटची ती रुंदावलेली असतात.

स्प्रे-डेक बोट पक्की झाल्यावरच घ्या, कारण त्याचं माप कॉकपिटवर ठरतं. वल्ह्याची घाई नाही. खेळासाठी उंच माणसाला १९४ ते २०० सेंटिमीटर पुरतं, आणि आहे ते त्याच्या जवळपास असेल तर पहिला मोसम त्यावरच काढा.